दोन माशांचं तबक

४ फेब्रुवारी

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडताच बाजूला ठेवलं असेल, आणि दोन दिवसांनी स्वतःवरच चिडून उघडलं असेल. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. उघडलंत ना, बरं झालं.

नऊ वर्षं झाली. फोन केला नाही, कारण तुमचा नंबर बदलला आहे, आणि असता तरी मला फोनवर शब्द फुटला नसता. पत्ता तुमच्या जुन्या स्टुडिओशेजारच्या चष्मेवाल्याकडून मिळवला. आधी तो देईना. "त्यांनी कुणाला देऊ नका म्हणून सांगितलंय," म्हणाला. मी म्हटलं, "कुणाला म्हणजे आम्हालाच. म्हणून तर मागतेय." तो हसला आणि लिहून दिला. त्याच्यावर रागावू नका.

बातमी अशी की तुमच्या दादांचे डोळे बिघडलेत. दोन्ही डोळ्यांचा पडदा खराब झालाय. घरात हिंडतात, फिरतात, पण वाचता येत नाही आणि माणसांचे चेहरे ओळखू येत नाहीत. परवा कुरियरवाल्याला "या, या डॉक्टर" म्हणून आत नेऊन बसवलं. तोही बिचारा बसला. चहा घेतला, प्रकृतीची चौकशी केली, मग पार्सल पुढे केलं.

औषध आहे ते टिकवण्यापुरतं. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन ते हॉलमध्ये जुन्या वस्तूंच्या कपाटांसमोर बराच वेळ बसले. मग म्हणाले, "सगळं संग्रहालयाला देऊन टाकू. मला दिसत नाही ते दुसऱ्यांना तरी दिसू दे."

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी संग्रहालयातल्या एक बाई येतात. वयाने लहान आहेत, पण कामाला वाघ. जेवणाच्या टेबलावर आम्ही घोंगडी दुहेरी घालून ठेवतो. मी एकेक वस्तू आणून यांच्या हातात देते, हे बोटं फिरवून सांगतात, बाई लिहून घेतात, मग मी गुंडाळून खोक्यात ठेवते. थायलंडच्या त्या चिमुकल्या बरण्या झाल्या. बुडालेल्या जहाजातून निघालेल्या वाट्या झाल्या, अंगावर शिंपले चिकटलेल्या. कंबोडियाचा तो हत्ती झाला, पाठीवर भोक असलेला, पूर्वी ज्यात चुना ठेवायचे. ब्रह्मदेशातला तो गुडघे टेकून बसलेला लाकडी भिक्षू आठवतो? त्याच्या तोंडावरून बोट फिरवत हे म्हणाले, "अगं, हा हसतोय. पस्तीस वर्षं घरात आहे आणि मला पत्ताच नाही."

बाईंच्या कागदावर रकाने आहेत. वस्तू काय, कुठली, कधीची. शेवटचा रकाना स्थितीचा. फुटली असेल, चिरली असेल तर कधी, कशी, कुणाकडून, सगळं लिहायचं. तुमचे दादा काही लपवत नाहीत. एका फुलदाणीला टिचकी मारून म्हणाले, "ही जुनी म्हणून घेतली, पण नवीन निघाली. मी फसलो, असं लिहा."

आता दोन कपाटं राहिलीत. शेवटच्यात, सगळ्यात खालच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून ते तबक आहे. त्याचीही पाळी महिनाअखेरीस येईल. तुम्हाला कळवावंसं वाटलं, इतकंच.

वहिनी

१९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. "दादाच्या डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. कोणते डॉक्टर?" सात शब्द. मी मोजले. डॉक्टरांचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

मागच्या पत्रात मी "ते तबक" असं लिहिलं, जणू तुम्हाला आणि मला त्याच्याबद्दल सारखंच ठाऊक आहे. तसं नाही. ते पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा खरं तेवढं गाळलं. आज गाळायचं नाही असं ठरवून बसलेय. हे दुपारचे झोपलेत.

ते तबक घरात आलं तेव्हा मी त्याला "माझी हिरवी सवत" म्हणायचे, आठवतं? तुम्हीच हसायचात सगळ्यात मोठ्याने. समुद्राच्या पाण्यासारखी ती झिलई, मधोमध एकमेकांमागे पोहणारे दोन मासे. हे ते दोन्ही हातांत धरून खिडकीशी न्यायचे आणि बोटाने वाजवून दाखवायचे. घंटेसारखा आवाज यायचा. सहाशे वर्षांपूर्वीच्या चिनी कुंभाराने हा आवाज माझ्यासाठी ठेवलाय, म्हणायचे.

तुम्ही फोटो काढायला ते आठ दिवस स्टुडिओत नेलंत. परत आणून माझ्या हातात दिलंत तेव्हा हे गावाला गेले होते, ती चार मूर्तींची खरेदी होती ना, त्यासाठी. अकरा दिवस. तबक धड होतं, भाऊजी. मी स्वतः वाजवून पाहिलं होतं. घंटेसारखंच वाजलं.

तळाच्या कडेला तुमचं ते मेण राहिलं होतं, उभं करायला लावता ते. मला वाटलं, हे येण्याआधी स्वच्छ करून ठेवावं. कोमट पाणी घेतलं, साबणाचा थेंब टाकला. ओल्या हातातून ते सटकलं, नळाच्या तोंडाला लागलं आणि तीन तुकडे झाले. फार आवाजसुद्धा झाला नाही. मी नळ चालू ठेवून तशीच उभी राहिले.

मग मी काय केलं? तुकडे टॉवेलात बांधले आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या माडीवर ते जोडकाम करणारे म्हातारे गृहस्थ राहायचे, त्यांच्याकडे गेले. त्यांनी आठ दिवस घेतले. हे यायच्या आदल्या दिवशी मी तबक घेऊन आले. मला तरी सांधा कुठे सापडला नाही. निघताना ते म्हणाले, "बाई, दिसणार नाही. पण वाजवू नका."

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने ऐका. दोन महिने हे नव्या मूर्तींत गुंतले होते, तबक वाजवायला काढलंच नाही. मग एकदा यांचे मित्र जमले, त्यात ते भिंगवाले, गळ्यात कायम भिंग लटकवणारे, त्यांनी तबक उचललं आणि वाजवलं. बद्द! त्यांनी परत वाजवलं. "अहो, याला आतून कुठंतरी तडा आहे," म्हणाले. तुमच्या दादांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, "आठ दिवस तुझ्याकडे होतं. काय केलंस?" तुम्ही म्हणालात, "मी धड परत केलंय. वहिनींच्या हातात दिलंय." मग ते माझ्याकडे वळले. "धड होतं?"

मी म्हटलं, "मी नीट पाहिलं नव्हतं."

एवढंच म्हटलं. तुम्ही फोडलं असं मी म्हणाले नाही, हे मी स्वतःला नऊ वर्षं सांगत आले. पण तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि चपला घालून जिना उतरलात, तेव्हाच मला कळलं होतं की मी काय म्हणाले.

त्याच आठवड्यात सांगायचं ठरवलं होतं. मग पुढच्या. मग दादा म्हणू लागले, "तो चूक कबूल करेपर्यंत या घरात त्याचं नाव नको," आणि मी त्या आडोशाला जाऊन बसले. नाव नको म्हटल्यावर मला बोलावं लागत नव्हतं.

आता का, ते सांगते. परवा हे बाईंना म्हणाले, "खालच्या फळीवरच्या तबकाचा रकाना मी सांगेन. मला पाठ आहे." भाऊजी, जे पाठ आहे ते म्हणजे तुम्ही. तो कागद संग्रहालयात राहणार. आपण तिघंही नसू तेव्हा कुणीतरी उघडून वाचेल की धाकट्या भावाने बिघडवलं आणि लपवलं.

मी यांना सांगणार आहे. तुम्हाला आधी लिहिलं, कारण मी भित्री आहे. आयत्या वेळी कच खाल्ली तर हे पत्र तुमच्याकडे असू दे, आणि त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. सही नेहमीसारखी न करता पूर्ण करतेय.

तुमच्या दादांची बायको, आणि तबक जिच्या हातून फुटलं ती

२८ फेब्रुवारी

भाऊजी,

सांगितलं.

ठरवलं होतं सकाळी चहाच्या वेळी सांगायचं. चहा झाला. मग म्हटलं आंघोळीनंतर. तेवढ्यात बाई आल्या, कारण मंगळवार होता, आणि त्या येतानाच म्हणाल्या, "आज खालची फळी घेऊया का?" तबक मीच काढून आणलं. दुसरं कोण आणणार?

बाईंकडे एक जांभळ्या उजेडाची बॅटरी आहे. जुन्या वस्तूवर ती मारली की नंतर लावलेला गोंद आणि रंग वेगळाच चमकतो. आजवरच्या कितीतरी वस्तूंवर मारली होती, मला दर वेळी वाटायचं ही बिघडू दे. त्यांनी पडदे ओढायला सांगितले आणि उजेड तबकावर धरला. माशांच्या मधून दोन पांढरट रेघा चकाकल्या, काठाला आणखी एक.

"अहो," बाई म्हणाल्या, "हा तडा नाही. याचे तीन तुकडे झाले होते. फार सुंदर जोडलंय कुणीतरी."

यांना रेघा दिसत नव्हत्या. पण ऐकलं. खुर्चीत ताठ झाले. "जोडलंय? म्हणजे फोडलं, वर गुपचूप जोडून आणलं, आणि माझ्या तोंडावर सांगत होता धड आहे म्हणून! मी त्याला चिरल्याबद्दल बोललो, तर हा त्याहून... लिहा बाई. लिहा, धाकट्या भावाच्या हातून—"

"थांबा," मी म्हटलं.

"तू मध्ये बोलू नकोस."

"त्यांच्या हातून नाही. माझ्या."

बाईंचं पेन थांबलं. यांनी मान माझ्याकडे वळवली, जरा चुकीच्या दिशेला, म्हणून मी सरकून तिथे उभी राहिले.

"काय म्हणालीस?"

"मी धुवायला घेतलं होतं. नळावर आपटलं. जोडूनही मीच आणलं. भाऊजींनी दिलं तेव्हा धड होतं."

ते अगदी हळू म्हणाले, "त्या दिवशी मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तू म्हणालीस, नीट पाहिलं नाही."

"पाहिलं होतं. वाजवूनही पाहिलं होतं."

बाई कागद गोळा करू लागल्या. "मी शुक्रवारी येते," म्हणाल्या. त्यावर हे म्हणाले, "बसा, चहा घेऊन जा." त्या बसल्या. आणि चहा कुणीच केला नाही. पाच मिनिटांनी त्या आपल्या आपण उठून गेल्या.

मग सुरू झाला अबोला. माझ्याशी रागावून बोलले असते तर सोसलं असतं. ताट वाढलं की जेवायचे, बोलावलं की यायचे, पण तोंडातून शब्द नाही. डोळ्यांच्या औषधाचे थेंब स्वतः घालायला लागले. निम्मे गालावर, निम्मे शर्टावर. मी दारात उभी राहून बघायचे. तिसऱ्या दिवशी बाटली पुढे केली आणि म्हणाले, "घाल."

थेंब घालताना मान मागे करून डोळे उघडे ठेवावे लागतात. त्या अवस्थेत माणसाला फार रागावता येत नाही. डावा डोळा झाला, तेव्हा त्यांनी विचारलं, "का? मी मारलं असतं का तुला?"

"नाही."

"मग? टाकून बोललो असतो. चार दिवस. महिनाभर."

मी म्हटलं, "तुम्ही मला परत कशाला हात लावू दिला नसता. आपण दोघं रोज संध्याकाळी ती भांडी पुसत बसायचो. तुम्ही सांगायचा, मी ऐकायचे. तेवढाच वेळ तुम्ही माझ्याशी बोलायचा. तो गेला असता तर मला काय राहिलं असतं?"

उजवा डोळा राहिला होता. त्यांनी तो मिटून घेतला. "आणि त्याला काय राहिलं?" म्हणाले.

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर लिहा. नसेल लिहायचं तर तेही समजू शकते.

वहिनी

१५ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. मी आधी एकटीने वाचणार होते, पण यांनी पाकीट फाडल्याचा आवाज ऐकला. "त्याचं आहे? जसंच्या तसं वाच. एक शब्द गाळलास तर मला कळेल." डोळे गेल्यापासून कान फार तिखट झालेत.

म्हणून सगळं वाचलं. तुम्ही माझ्यावर रागावला आहात आणि तो राग किती दिवस राहील सांगता येत नाही, तेही मी मोठ्याने वाचलं. बरोबर आहे तुमचं. मी तो राग जायची घाई करणार नाही.

पण त्यापुढचं मला दोनदा वाचावं लागलं. तुम्ही लिहिलंय, त्या दिवशी दादासमोर छातीठोकपणे धड आहे म्हणालो, पण घरी आल्यावर रात्रंदिवस एकच विचार. तबक चार तास मोठ्या दिव्यांखाली होतं. मध्ये हात लावला तर चांगलं गरम लागलं होतं. तेव्हाच आतून तडा गेला असणार आणि आपल्याला कळलं नसणार. म्हणजे दादा म्हणाला ते खरंच. म्हणून तुम्ही पुन्हा कुणाच्या जुन्या वस्तूंचे फोटो काढलेच नाहीत. स्टुडिओ विकलात. आता शाळांमधून ओळखपत्रांचे फोटो काढता, पोरांना सरळ बसायला सांगत.

मला वाटायचं, मी तुमचं घर तोडलं. तुमचा हातच काढून घेतला, हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला स्वतःचा संशय येईल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी समजत होते, निदान तुम्हाला तरी खात्री असेल.

हे ऐकून तुमचे दादा उठले, भिंत चाचपत खिडकीपर्यंत गेले. पाठ माझ्याकडे. म्हणाले, "ते दिवे मीच आणून दिले होते. तो नको म्हणत होता. माल तापतो, म्हणाला होता. मी म्हटलं, तू फार घाबरतोस." मग त्यांचे खांदे हलू लागले. चाळीस वर्षांच्या संसारात मी हे पाहिलं नव्हतं. मी जवळ गेले तर हात झटकला नाही.

शुक्रवारी बाई आल्या तेव्हा यांनी त्यांना आधी तबकाचा कागद काढायला लावला. सांगितलं तसं इथे उतरवते, बाईंनी मला नक्कल दिली आहे: "तीन तुकडे होऊन जोडलेलं. धुताना घरात फुटलं, मालकाच्या पत्नीच्या हातून. मालकाने चौकशी न करता नऊ वर्षं धाकट्या भावावर दोष ठेवला. भावाने ते धड परत केलं होतं."

बाई म्हणाल्या, "घरातलं असं लिहायची आमच्याकडे पद्धत नाही."

"मग तबक इथेच राहील."

त्यांनी लिहिलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी म्हटलं, "'पत्नीच्या हातून' यापुढे 'आणि ती गप्प राहिली' असंही घाला." तेही घातलं.

बाई गेल्यावर मी यांना विचारलं, "भाऊजींना बोलावून घेऊ का?"

"बोलावायचं काय? तो काय नोकर आहे? मी घालवला, मी जाणार."

"अहो, तुम्हाला पायरी दिसत नाही."

"तू आहेस ना पायरी सांगायला."

तर आम्ही येतोय. बावीस तारखेला, सकाळच्या गाडीने, साडेअकराला तुमच्या स्टेशनात. तुम्ही या असं लिहिलेलं नाही, मला ठाऊक आहे. दार उघडायचं नसेल तर स्टेशनवर येऊ नका, आम्ही बाकावर बसू आणि दोनच्या गाडीने परत फिरू. हे मी म्हणत नाही, हे त्यांनीच लिहायला सांगितलंय. वर असंही, की त्याला माझं ऐकून घ्यायची सक्ती नाही.

पण आलात तर एक लक्षात ठेवा, हे मात्र माझं. समोर येऊन उभे राहू नका. त्यांना आता समोरचं, अगदी मधलं काही दिसत नाही, तिथे नुसता धूसर डाग असतो. कडेचं दिसतं. म्हणून जरा त्यांच्या डावीकडे, हातभर अंतरावर उभे राहा. आणि लगेच हाक मारू नका. त्यांना थोडा वेळ लागेल, मान तिरकी करतील, चुळबुळतील. लागू द्या. त्यांना तुम्हाला आधी बघायचंय.

वहिनी